पाण्यावर स्कूटर पळवणारे काका

घरच्या घरी हायड्रोजन काढणारे काका ओळखायला सोपे. गॅलरीत लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात स्टीलच्या दोन पट्ट्या, शेजारी स्कूटरची जुनी बॅटरी आणि चहाच्या आशेवर उभा केलेला एक पाहुणा. पाण्यात कॉस्टिक सोडा पडतो, ऋण टोकाच्या पट्टीवर फेस उसळतो, दुसरीवर निम्माच, आणि काका गरजतात, ‘बघा! दोनास एक! एच-टू-ओ!’ इथवर काकांचं सगळं बरोबर आहे. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली लंडनमध्ये हेच केलं. पुढच्या वाक्यात मात्र या पाण्यावर स्कूटर पळायला लागते.

काकांचं रसायनशास्त्र कच्चं नाही, कच्चा आहे तो हिशेब. आणि हेच काका वाण्याच्या बिलातली दोन रुपयांची चूक पकडतात! एक लिटर पाण्यातून साधारण १११ ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्यासाठी कारखान्यातल्या चांगल्या यंत्रालाही सहाएक युनिट वीज लागते. बरणीला तर त्याहून जास्त. तो जाळला की उष्णता मिळते जेमतेम पावणेचार युनिट, आणि तिच्यातला पाव हिस्सा चाकापर्यंत पोचला तरी इंजिनाने नशीब काढलं म्हणायचं. म्हणजे सहा घालून एकसुद्धा हाती नाही. ‘पण पाणी फुकट आहे ना?’ असेल, पण पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर खर्च येणारच.

काका हार मानत नाहीत. बॅटरी गाडीच चार्ज करते म्हणावं, तर ती वीजही पेट्रोलमधूनच येते. गच्चीवर सोलर आहे म्हणावं, तर ती वीज सरळ इलेक्ट्रिक स्कूटरला दिली की बरीचशी चाकापर्यंत पोचते. मग सरकारने २०२३ साली हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी कशाला मंजूर केले? कारण खत कारखान्यांना आणि तेलशुद्धीकरणाला हायड्रोजन कच्चा माल म्हणून हवाच असतो. शेवटचा हुकमी एक्का असा, की तेल कंपन्या असले शोध दाबतात. अमेरिकेत स्टॅन्ली मेयरची पाण्यावरची गाडी कोणी दाबली नव्हती. फसवलेले गुंतवणूकदारच कोर्टात गेले. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयाने त्याला लबाडी ठरवलं, कारण तज्ज्ञांना त्याच्या यंत्रात साधं विद्युतविघटनच सापडलं, काकांच्या बरणीतलं. काका मात्र कुणाला फसवत नाहीत. बुडतात ते त्यांच्याच वीजबिलाचे पैसे, ज्या बिलावरून ते दर महिन्याला गीझर चालू ठेवणाऱ्यांची खरडपट्टी काढतात.