बढती देणाऱ्याचं नाव काय?

शिस्तीचं वेड लागलेल्या मंडळींना आता परग्रहावरही सोयरे सापडले आहेत. 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेममधले ट्युरियन. पक्ष्यासारखं तोंड, गालांवर हलणारे जबडे, अंगावर धातूची झाक असलेलं कवच आणि हाताला फक्त तीन बोटं. गेम 2007 साली आला, पुढचे दोन भाग 2010 आणि 2012 मध्ये आले, आणि तेव्हापासून या लष्करी जमातीबद्दलची मतं थांबायला तयार नाहीत. तसं पाहिलं तर मत एकच आहे: "अशी शिस्त पाहिजे आपल्याकडे!" हे ठणकावून सांगणाऱ्या तरुणाचा चहाचा कप परवापासून सोफ्याखाली असतो. वडिलांनी गेम पाहिलेलाही नसतो, पण 'पंधराव्या वर्षापासून सक्तीची सेवा' एवढं कानावर पडलं की बापलेकांचं जन्मात पहिल्यांदा एकमत होतं. मग ते एकमत सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतं, पार्किंगच्या भांडणाच्या जरा आधी.

सक्तीची सेवा आहे, हे खरं. ट्युरियन पंधराव्या वाढदिवसाला सेवेत शिरतो तो तिशी गाठेपर्यंत. पण त्या सेवेत बंदूक आहे तशी कारकुनी आहे, बांधकाम आहे आणि साफसफाईही आहे. त्यांचं सैन्य तेच पोलीस, तेच आगीचे बंब, तेच शाळा बांधणारे आणि पाणी शुद्ध करणारे. चाहत्यांशी बोलून बघा, त्यातला प्रत्येक जण गॅरस, म्हणजे गेममधला ट्युरियन नेमबाज, असतो. डोळ्यावर काच, खांद्यावर लांब पल्ल्याची रायफल, आणि कोणी बोलायला आलंच तर तोफांचं कॅलिब्रेशन चाललंय म्हणून वाटेला लावायचं. 'मी ट्युरियनांच्या पालावेन ग्रहाच्या गटार खात्यात पंधरा वर्षं काढीन' असं म्हणणारा शिस्तप्रेमी मला अजून भेटायचा आहे. शिस्त म्हणजे आपण शिट्टी वाजवायची आणि दुसऱ्यानं रांगेत उभं राहायचं, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. ती आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी सुटलेली नाही.

(जाता जाता: सगळ्यांनी सेवा करायची म्हणणाऱ्या या जमातीतली बाई पडद्यावर प्रत्यक्ष दिसायला 2012 चा शेवट उजाडला, तीही वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवणीत. शिस्तीच्या गप्पांमध्ये हा मुद्दा कोणी काढत नाही.)

मी मात्र एका कलमावर अडलो आहे आणि तिथून हलायला तयार नाही. ट्युरियन समाजात नागरिकत्वाच्या 27 पायऱ्या आहेत. माणूस वर चढतो, कधी खाली उतरतो. कोणी खाली उतरला, तर नाचक्की त्याची होत नाही. नाचक्की होते ती त्याला तयारी नसताना वर चढवणाऱ्याची. पुन्हा वाचा. काम न येणाऱ्याची नव्हे, त्याला खुर्ची देणाऱ्याची.

आता हे कलम आपल्या एखाद्या कचेरीत लावून पाहू. साहेबांना बढती मिळाली. साहेबांना काम येत नाही, हे कँटीनवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सर्वांना ठाऊक. ट्युरियन नियमाप्रमाणे साहेब निमूटपणे एक पायरी खाली येतील, त्यांना कोणी हसणार नाही. हसतील ते त्यांच्या गोपनीय अहवालात 'अत्युत्कृष्ट' असा शेरा मारणाऱ्याला. पण त्या शेरा मारणाऱ्याला तरी तिथं कोणी बसवलं होतं? ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन, 'खात्याचा आधारवड' वगैरे भाषणं ऐकून. ठीक आहे, शाल परत मागवा. नारळ एव्हाना चटणीत गेला असेल, त्याची किंमत पेन्शनमधून कापा. भाषण करणाऱ्याला भाषण उलट क्रमानं पुन्हा करायला लावा. आणि या आधारवडाला कोणी वर चढवलं? त्याला चढवणाऱ्याची तसबीर सभागृहात हार घालून टांगलेली आहे. ती भिंतीकडे तोंड करून टांगा. असं करत करत दुपारच्या चहापर्यंत 27 च्या 27 पायऱ्या रिकाम्या होतील, आणि तळाला एकटा शिपाई उभा दिसेल, कारण त्याला कधी कोणी बढतीच दिली नव्हती. कोणती फाइल कोणत्या कपाटात आहे हे त्या इमारतीत फक्त त्यालाच माहीत असतं. दुसऱ्या दिवशी कचेरी वेळेवर उघडेल आणि आलेल्या माणसाला 'उद्या या' कोणी म्हणणार नाही, कारण तसं म्हणण्याचा अधिकार असलेलं कोणी उरलेलंच नसेल.

कलमाची दुसरी बाजू तर याहून अवघड आहे. एका पायरीवर स्थिर राहणं ट्युरियनांना कमीपणाचं वाटत नाही. आपला आवाका किती हे ओळखणं त्यांच्याकडे महत्त्वाकांक्षेपेक्षा मोठं मानतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिला प्रश्न काय येतो? "अजून तिथंच का?" पाचवीच्या पोरांना अपूर्णांक असे शिकवणारा मास्तर, की पोरं डब्यातली पोळीसुद्धा छेद-अंश म्हणत वाटून खातात. त्याला आपण मुख्याध्यापक करतो. मग तो पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजतो, त्यांचे रकाने भरतो, रकाने भरल्याचा अहवाल लिहितो, आणि वर्गात अपूर्णांक कोण शिकवतं? कोणीच नाही. याला आपण त्या माणसाचं भलं झालं असं म्हणतो! पेढे वाटतो! मला या पेढ्यांचा राग आहे आणि तो लपवायची इच्छा नाही. ज्याला काम येतं त्याला कामावरून उठवायचं आणि ज्याला येत नाही त्याला त्याच्या डोक्यावर बसवायचं, हा आपला एकमेव उद्योग आहे जो मंदीतही तेजीत असतो.

असो. गेमकडे वळतो. हे कलम ट्युरियन तरी पाळतात का? पहिल्या भागातला खलनायक सॅरेन हा ट्युरियनच. आकाशगंगेच्या परिषदेचा खास हस्तक, नेहमीचे कायदे ज्याला लागू नाहीत असा. तो आपल्याच एका ट्युरियन दोस्ताला मागून गोळी घालतो आणि ते पाहतो कोण, तर एक मानवी गोदी कामगार. हा कामगार वाचलाच मुळी यासाठी, की तो कामाच्या वेळेत पेट्यांमागं डुलकी काढत होता. शिस्तप्रेमींनी याची नोंद घ्यावी: सगळ्या गोदीत जो एक माणूस शिस्त मोडत होता, त्याच्यामुळेच खून उघडकीला आला. परिषदेनं त्याची साक्ष पुरेशी मानली नाही. मानेल कशी? सॅरेनला तो हुद्दा या परिषदेनंच दिलेला, आणि निवाडा करायलाही हीच परिषद बसलेली. पुढे सॅरेन फितूर असल्याचं ध्वनिमुद्रण समोर आल्यावर त्याचा हुद्दा काढून घेतला. हुद्दा देणाऱ्यांच्या खुर्च्या जागच्या जागी. दुसऱ्या भागात तर परिषदेतला ट्युरियन सभासद, म्हणजे खेळणाऱ्यानं त्याला जगवलं असेल तर, समोर ठाकलेल्या संकटाचं नाव घेताना हवेत बोटांनी अवतरणचिन्हं काढतो. हाताला बोटं तीन, त्यातली दोन यात खर्च.

आणि मग तिसऱ्या भागातला व्हिक्टस. वरचे इतके लोक युद्धात मेले, की हा सेनापती थेट ट्युरियनांचा सर्वोच्च नेता झाला. इथं बढती मृत्यूनं दिली, तेव्हा नाचक्कीचा प्रश्न उद्भवत नाही. पण नेता झाल्यावर त्यानं एका गुप्त कामगिरीवर एक तुकडी पाठवली. टुचांका ग्रहावर ट्युरियनांनीच पूर्वी पुरून ठेवलेला बॉम्ब निकामी करायचा, तोही ज्यांच्या घराखाली पुरलाय त्यांना कळू न देता. तुकडीचा प्रमुख कोण? व्हिक्टसचा मुलगा.

इथं मराठी वाचक सावरून बसतो. हे आपल्याला कळतं. यासाठी गेम खेळायची गरज नाही.

मुलाचा निर्णय चुकतो, तुकडीतले पुष्कळ जण मरतात. उरलेले त्याचं ऐकायला तयार नसतात. हे ट्युरियन आहेत बरं का, ऐकणं हाच ज्यांचा धर्म. अखेर तो मुलगा स्वतः बॉम्बवर चढतो, स्वतःच्या हातांनी त्याचा चाप सोडवतो आणि चापासकट खाली कोसळून मरतो. बाप सर्वोच्च पायरीवरून ते ऐकतो. मुलाला तिथं पाठवणारा कोण, हे त्याला कोणी विचारायची गरज पडत नाही. चाहते या प्रसंगाला रडतात. मी रडलो नाही, मला हेवा वाटला. आपल्याकडच्या मुलाची बॉम्बशी गाठ पडते ती भूमिपूजनाच्या दिवशी, फोटोपुरती. फ्लेक्सवर बॉम्बपेक्षा त्याचा चेहरा मोठा असतो. प्रत्यक्ष काम कंत्राटावर जातं, कंत्राट मेव्हण्याकडे जातं, बॉम्ब ठरल्या वेळी फुटतो, कारण तेवढी एकच गोष्ट वेळेवर होते. तुकडीतल्या पोरांच्या आयांना धनादेश मिळतात. मुलगा त्या दिवशी परगावी असतो. चौकशी समिती नेमली जाते, आणि तिच्या अध्यक्षपदासाठी विषयाची खोलवर माहिती असलेला तरुण, अभ्यासू चेहरा म्हणून त्याचंच नाव सर्वानुमते पुढे येतं.