स्क्वेअर फुटाचा कलावंत

बीडमध्ये कुणाचंही भवितव्य सगळ्यात आधी आर्टिस्टला कळतं. यंदा भावी आमदार कोण, भावी सरपंच कोण, कुणाचं नाव शुभेच्छुकांच्या खालच्या ओळीत ढकलायचंय, हे सगळं ज्योतिषाच्या कानावर जायच्या आत सुभाष रोडच्या बाजूच्या एका दहा बाय बाराच्या गाळ्यात ठरलेलं असतं. गाळ्यावरच्या पाटीत शेवटी ‘आर्ट्स’ हा शब्द आहे, म्हणून मालक ‘आर्टिस्ट’. खरं नाव त्याच्या रेशनकार्डावर असेल.

पन्नाशीचा माणूस. शर्ट पांढरा, पण खिशाजवळ निळ्या-गुलाबी शाईचे कायमचे डाग. कोरल ड्रॉ उघडं, मागं मशीन घरघरत बॅनरची पन्नी ओकतंय, आणि कॉम्प्युटरवर फोल्डरांची रांग: दादा फायनल, दादा फायनल फायनल, दादा चष्मा, दादा चष्मा बिगर. पुढाऱ्यांची मुंडकी त्याच्याकडे कापून तयार असतात. त्यातली काही पंधरा वर्षांपूर्वीची. मूळ मालकाचे केस गेले, पोट आलं, पक्षही दोनदा बदलला, मुंडकं तेच. “फोटूतला माणूस म्हातारा होऊ द्यायचा नसतो,” आर्टिस्ट सांगतो, “गिऱ्हाईक तुटतं.”

त्याच्या कलेचा पाया एकच. ज्यानं पैसे दिले तो दिसला पाहिजे, आणि ज्यानं जास्त दिले तो जास्त दिसला पाहिजे. वर थोरामोठ्यांची गोल चित्रं, मधे वाढदिवसवाला मोबाईल कानाला लावून, खाली समस्त मित्रमंडळ. एका कार्यकर्त्याचं डोकं दुसऱ्यापेक्षा दीड इंच लहान छापलं म्हणून एका गावात दोन गट पडले, असं तो शपथेवर सांगतो. आपला जिल्हा माहीत असणारा माणूस यावर शंका घेणार नाही. बॅनरवर मोकळी जागा हा शब्द त्याला सहन होत नाही. मोकळी जागा म्हणजे राहिलेला माणूस, आणि राहिलेला माणूस म्हणजे रात्री अकराला आलेला फोन. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, त्या आठवड्यात आर्टिस्टनं इतक्या लोकांना रेल्वे आणायला लावली की इंजिनाला बॅनरवर जागाच उरली नाही.

अशा माणसाकडे आमच्या ओळखीचा एक पोरगा व्हिडिओ गेमचं कव्हर करून घ्यायला गेला.

पोरगा कॉम्प्युटर शिकलेला. त्याला आधी ऊसतोडीचा गेम करायचा होता. कोयता, मुकादम, उचल, गाडी भरणं, सगळं खरंखुरं. त्याच्या आईनं कितीतरी हंगाम सांगली-कोल्हापूरकडच्या फडात काढलेले. ती म्हणाली, “आम्ही पैसे घेऊन मोळ्या उचलल्या. पैसे देऊन कोण उचलील रं?” बाजाराचा इतका नेमका अभ्यास कुठल्या कंपनीनं केला नसता. मग पोरानं ऊस तोच ठेवून धंदा बदलला आणि रसवंतीचा गेम केला. गिऱ्हाईक येतं, कांडं चरकात घालायचं, लिंबू पिळायचं, आलं घालायचं, बर्फ विचारून टाकायचा, घुंगरांचा ठेका चुकू द्यायचा नाही. बसल्या बसल्या, डोक्याला ताप न देता खेळायचा गेम.

गेम झाला, पण दुकानात मांडायचा कसा? स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात हजारो गेम रांगेत उभे असतात, आणि माणूस आधी बघतो ते कव्हर. त्याचं सगळ्यात छोटं रूप ४६२ बाय १७४ पिक्सेलचं मागतात आणि यादीत ते त्याच्याही निम्म्या लांबी-रुंदीचं दिसतं. अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात असली डझनभर चित्रं वर सरकून जातात.

आर्टिस्टनं माप ऐकलं आणि विचारलं, “फुटात सांग.”

पहिला नमुना त्यानं तासाभरात काढला. मधोमध पोराचा फोटो, काळा गॉगल घातलेला (गॉगल आर्टिस्टचा). मागे परळीचं वैद्यनाथ मंदिर, एका बाजूला अंबाजोगाईची योगेश्वरी, दुसऱ्या बाजूला बीडचं कंकालेश्वर, तळ्यासकट. खाली अकरा शुभेच्छुक. वरच्या कोपऱ्यात लाल स्फोट आणि त्यात ‘महाराष्ट्रात नंबर १’. उसाचं नाव नाही. पोरानं विचारलं तर म्हणाला, “ऊस टाकू की बॉर्डरला.”

मग पोरानं त्याला नियम वाचून दाखवले. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कव्हरवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि फार तर अधिकृत उपनाव, एवढंच चालतं. बक्षिसं नकोत, स्टार नकोत, कुणी केलेली स्तुती नको, ‘सवलत’ नको. गुगल प्ले स्टोअरलाही नाव-चित्रांत ‘नंबर १’, ‘फुकट’ असली भाषा खपत नाही. आर्टिस्टचा चेहरा पडला. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयानं २०१७ साली सरकारला धारेवर धरलं तेव्हाही तो इतका हादरला नव्हता. “कोर्टाचं बरंय,” तो म्हणाला, “कोपऱ्यात परवानगी नंबर टाकला की भागतं. ह्यांनी तर शुभेच्छाच बंद केल्या.”

पोरानं त्याला जगातली उदाहरणं दाखवली. फार्मिंग सिम्युलेटर, २००८ पासून चाललेला स्वित्झर्लंडच्या कंपनीचा गेम. कव्हरवर ट्रॅक्टर असा पुढे की आपल्या पायावरून जाईल. “शोरूमवाल्यानं पैसे दिले असतील,” आर्टिस्ट. मग २०१६ सालचा स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या माणसानं चित्रं, संगीत, प्रोग्रॅम, सगळं एकट्यानं करून कोट्यवधी प्रती खपवलेला. लाकडी फळ्यांतून केल्यासारखं नाव, बाकी शेतशिवार.

“एकट्यानं केलं?”

“एकट्यानं.”

“मग त्याचा फोटू कुठंय?”

याचं उत्तर पोराकडे नव्हतं. आर्टिस्टला त्या अमेरिकन माणसाबद्दल जी कणव वाटली, ती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यानं जे केलं ते शहरातल्या भारी स्टुडिओंनाही सुचलं नसतं. पोरानं स्वतः काढलेलं चित्र, रसाचा भरलेला ग्लास, त्यानं मोबाईलवर लहान करून उघडलं, मोबाईल रस्त्यापलीकडे लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर उभा केला आणि गाळ्याच्या पायरीवरून एका रिक्षावाल्याला विचारलं, “काय दिसतंय?”

“चहा.”

“बघ,” आर्टिस्ट पोराला म्हणाला. “आरं, मपलं बॅनर माणूस गाडीवरून जाता जाता बघतो. थांबून कोण वाचतंय? तुपलं तर अंगठ्यावरून जायलंय.”

मग त्यानं रसाचा रंग तपकिरीवरून हिरवट पिवळा केला, वर फेस चढवला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं ‘लिंबू सरबत’ सांगितलं. ग्लास काढून चरकाचं चाक टाकलं, तर त्याला पिठाची गिरणी म्हणाले. शेवटी आर्टिस्टनं चाक एका कडेला अर्धं कापलं आणि लोखंडी लाटांमध्ये कांडं अर्धं गेलेलं, अर्धं बाहेर, टोकाशी धरलेला हात, असं काढलं. एवढंच. “वस्तू दाखवली की दुकान दिसतं,” तो म्हणाला, “काम चालू दाखवलं की हात शिवशिवतो.” असल्या गेमांच्या कव्हरची सगळी मेख एवढ्यात आली. खेळणाऱ्याला हातानं काय करायला मिळणार, ते दिसलं पाहिजे. पॉवरवॉश सिम्युलेटर या घाण धुवायच्या गेमवाल्यांनी तरी काय केलं? पाण्याचा फवारा पुढे ठेवला.

नावाचं काम त्याहून नाजूक होतं. छोट्या चित्रात नावच जवळजवळ सगळी जागा खातं, आणि ‘रसवंती’ देवनागरीत लिहायचं तर तीवरची वेलांटी आणि वंवरचा अनुस्वार उंचीचा तिसरा हिस्सा घेऊन बसतात. पोरानं नेटवरून उतरवलेल्या फाँटात लहान केल्यावर अनुस्वार शिरोरेघेत बुडाला आणि ‘रसवती’ उरली. आर्टिस्टनं फाँट बाजूला सारला. अक्षरं माउसनं ओढून स्वतः रचली, शिरोरेघ बारीक केली, वेलांटी चपटी करून उजवीकडे झोपवली आणि अनुस्वाराच्या जागी घुंगरू बसवलं. भिंती रंगवायच्या काळात ब्रशनं अक्षर काढलेला हात तो. घुंगरू मात्र पोराला शेजारच्या पोरीनं दाखवेपर्यंत कळलं नाही. त्याला ते डाग वाटलं होतं. आर्टिस्टनं मग त्याच्याभोवती पांढरी कडा मारली.

चित्रातल्या हातात घड्याळ कुणाचं, यावरून थोडा वाद झाला. आर्टिस्टला बोटात निदान एका नगरसेवकाची अंगठी घालायची होती. पोरानं ठाम नकार दिला.

आणि मग बिल. आर्टिस्टचा भाव फुटाला दहा रुपये, वर्षानुवर्षं बांधलेला. इंचाला ७२ पिक्सेल धरून त्यानं कॅल्क्युलेटरवर छोट्या चित्राचा हिशोब केला: एक रुपया आठ पैसे. पुन्हा केला, तेवढाच. मग स्टीमला लागणारी मुख्य सहा चित्रं जोडली, त्यात ३८४० बाय १२४० चं सगळ्यात मोठंही धरलं. ९८ रुपये. ज्या दुकानात गेम मांडायची फी १०० डॉलर आहे, तिथलं कव्हर ९८ रुपयांत! पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही फुटावर नका लावू. कामाचे सांगा, मी देतो.”

“कामाचे?” आर्टिस्टला हा प्रकार कधी भेटलाच नव्हता. डोक्याचे पैसे घ्यायचे ते बॅनरवरच्या डोक्यांचे, स्वतःच्या डोक्याचे कसे लावायचे? तो बराच वेळ पेन चावत बसला. मग पावतीपुस्तक ओढलं आणि ज्या हिशोबात त्याला लाज वाटत नव्हती तो लिहायला घेतला: लोखंडी फ्रेम, सहा नग. बांबू. सुतळी. रिंगा मारणे. रात्री चढवण्याची मजुरी, दोन माणसं. बेरीज साडेचार हजार. खाली नेहमीचा शिक्का: वाऱ्यानं फाटल्यास जबाबदारी नाही.

पोरगा पावतीकडे बघत राहिला. “काका, ह्या फ्रेमा बांधायच्या कुठं?”

“ते तुपलं तू बघ,” आर्टिस्ट मशीनकडे वळत म्हणाला. “मपल्याकडून माल फ्रेमबिगर जात नसतो.”