समाधानकारक पाऊस कसा ओळखावा? (नवख्या नाशिककरांसाठी)

नाशकात नुकतेच बदलून आला असाल, तर जुलैत आभाळाकडे बघून 'यंदा पाऊस चांगला आहे हं' असं बोलू नका. कॉलेज रोडवर पडतो तो पाऊस भज्यांपुरता, तो कुणी हिशेबात धरत नाही. पाऊस त्र्यंबकच्या डोंगरात पडावा लागतो. मग काश्यपी, गौतमी गोदावरी ही धरणं भरून ते पाणी गंगापूर धरणात यावं लागतं. तोवर तोंडावर काळजी ठेवावी.

धरणातून पाणी सोडलं की आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, पण हे पाठ करायची गरज नाही. फक्त 'किती सोडलंय?' विचारावं आणि उत्तर काहीही आलं तरी 'बाप रे' म्हणावं.

खरं माप रामकुंडाजवळ उभं आहे : दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाशी असेल तर घरीच बसा. गुडघ्याला लागलं की मोबाइल काढायला हरकत नाही. कमरेला आलं म्हणजे नाशिककर समाधानी होतो आणि पोराबाळांना घेऊन होळकर पुलाकडे निघतो. पुलावर शेजारचा अनोळखी माणूस 'आता छातीला लागेल' असं सांगेल. त्याच्याशी वाद घालू नये, तो दरवर्षी येतो. मात्र छातीला लागल्यावर आनंद आवरता घ्या. घाटावरच्या टपऱ्या तोवर हललेल्या असतात, भांडीबाजारात माल वरच्या फळीवर चढत असतो, आणि तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्याकडे दुकानदार कसं बघतो ते एकदा बघाच. ४ ऑगस्ट २०१९ ला मारुती अख्खा बुडाला होता. पाण्याचा विषय नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेला की जुनी माणसं १९६९ चा पूर काढतात. त्यांना मध्येच तोडू नये, चहा मागवावा.

धरण भरलं, जलपूजन झालं, तरी पाणी आपलंच असं धरून चालू नका. खाली पैठणला जायकवाडी आहे. १५ ऑक्टोबरला तिथला साठा कमी दिसला की समन्यायी वाटपाचा विषय निघतो आणि वरच्या धरणांतून पाणी सोडायची मागणी होते. या वादात नवख्याने पडू नये. तुमची बायको संभाजीनगरची असेल तर मुळीच नाही.

सगळ्यांत मोठी चूक लोक त्यानंतर करतात. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कोवळी फूट आलेली असते, आणि एका संध्याकाळी पुन्हा सरी येतात. तुम्हाला गारवा वाटतो, तिकडे डाऊनी रोगाच्या धास्तीने रात्रीच ट्रॅक्टर निघतात. अशा वेळी पिंपळगावच्या मामांचा फोन आला, तर 'छान पाऊस झाला' हे शब्द गिळावेत आणि विचारावं, "मामा, फवारणी उरकली का?"