नाडी बघा, मग पुरा

कर्नल बिल्ड झालं, एरर आली नाही, म्हणजे कॉन्फिग फाइल ठीक आहे, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लिनक्सच्या केकॉन्फिग या कॉन्फिगरेशन यंत्रणेला फाइलमध्ये अनोळखी ऑप्शन दिसला की ते काही न बोलता त्याला ओलांडून पुढे जातं. सी कोडातही तीच गत. अस्तित्वातच नसलेल्या ऑप्शनवर 'इफडेफ' लिहा, आतला कोड गुपचूप वगळला जाईल. कंपायलर हूं की चूं करणार नाही.

अशी मेलेल्या ऑप्शनांची मढी साठतात, आणि भरपूर साठतात. 'एक्सपेरिमेंटल' हा ऑप्शन २०१३ साली ३.९ आवृत्तीपर्यंत कर्नलमधून हद्दपार झाला. बोर्डांच्या डिफॉल्ट कॉन्फिग फाइलींत तो त्यानंतरही कित्येक वर्षं तळ ठोकून होता. २०१८ साली ४.१७ मधून आठ आर्किटेक्चर्स एकदम काढली, जवळपास पाच लाख ओळी गेल्या. एवढ्या ओळींतल्या ऑप्शनांची नावं आणखी कुठेकुठे चिकटून राहिली, ते डोळ्यांनी शोधणं माणसाचं काम नव्हेच.

त्यासाठी कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स' ही पायथन स्क्रिप्ट २०१४ पासून आहे. व्याख्या कुठल्या नावांची आहे आणि वापर कुठल्या नावांचा होतोय, यांचा ती ताळा घालते. दोन कमिट्समध्ये नव्याने काय लोंबकळलं, ते दाखवते. मिळतीजुळती नावंही सुचवते, म्हणजे टायपो सापडतो. उत्तम हत्यार आहे. पुण्या-बंगळुरूत यंत्रांसाठी लिनक्स बांधणाऱ्या प्रत्येक टीमने ते चालवावं.

पण यादी हातात आली की लोक सरळ 'सेड' चालवून सगळ्या ओळी उडवतात, आणि इथे माझा विरोध आहे. ओळी काढल्यावर बनलेली अंतिम कॉन्फिग आधीसारखीच आली, म्हणजे सफाई निर्धोक, असा त्यांचा दाखला असतो. तो अपुरा आहे. ऑप्शन मेलेला असो की त्याचं फक्त नाव बदललेलं असो, दोन्ही वेळा अंतिम कॉन्फिग तशीच येते. मात्र दुसऱ्या प्रकारात ती ओळ हा 'हे फीचर आम्हाला हवं होतं' याचा शेवटचा पुरावा असते. नाव बदलल्यापासून फीचर बंदच होतं. आता ते बंद आहे हे कळायची वाटही तुम्ही बुजवली.

नावांचा हा खेळ किती नाजूक असतो ते २०१८ मध्ये दिसलं. स्टॅक प्रोटेक्टर म्हणजे फंक्शनमधून परतताना स्टॅकवर कुणी हात मारलाय का ते तपासणारं संरक्षण. कंपायलरला जमेल तेवढं कडक संरक्षण आपोआप निवडणारा त्याचा 'ऑटो' ऑप्शन साफसफाईत गेला. जुन्या फाइलींत 'ऑटो' चालू होता आणि शेजारी 'स्ट्राँग' हा कडक प्रकार 'सेट नाही' असं नोंदलेलं होतं. 'ऑटो' नाहीसा झाल्यावर ती नकाराची नोंद तेवढी उरली, आणि कडक संरक्षणाची कॉन्फिग कुणी न सांगता कमकुवत होऊ लागली. लिनस टोरव्हाल्ड्सने ४.१८ साठी त्या ऑप्शनांची नावंच बदलली. जुन्या नोंदी निरर्थक झाल्या आणि कडक संरक्षण पुन्हा डिफॉल्टने चालू झालं. विचार करून केलेला बदल होता तो.

म्हणून स्क्रिप्टने दाखवलेल्या प्रत्येक नावामागे 'गिट लॉग' उघडा. व्याख्या कुठल्या कमिटमध्ये गेली? तिथे कोड काढला, की नवं नाव दिलं? नवं नाव असेल तर ओळ पुसू नका, बदला. आणि कमिट मेसेजमध्ये प्रत्येक ऑप्शनपुढे कारण लिहा. 'जुने ऑप्शन काढले' एवढ्यावर पॅच आला तर मेंटेनरने तो परत पाठवावा.

नवी मढी साठू नयेत याची सोय २०२३ पासून कर्नलमध्येच आहे. 'केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की कॉन्फिग फाइलमधल्या अनोळखी नावावर वॉर्निंग येते, आणि सोबत 'केकॉन्फिग_डब्ल्यूएरर' लावला की बिल्ड थांबतं. हे दोन्ही रोजच्या सीआयमध्ये घाला. पहिल्या दिवशी बिल्ड फुटेल. फुटू द्या, आणि ती यादी घेऊन बसा.