लाल रेघ

जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा केवढा गाजावाजा! नमुने नागपूर-पुण्याला गेले, उच्च न्यायालयानं विचारणा केली. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, मिठात रमणारे सूक्ष्मजीव आहेत. बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अँटिबायोटिकच्या पाकिटावरच्या, ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणाऱ्या लाल रेघेचा सरकारनं २०१६मध्ये प्रचार केला. गुलाबी पाण्यासारखी ती बघायला मात्र कुणी येत नाही. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. (मागतो कोण म्हणा!) सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूची, ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात, आल्यागेल्या पाहुण्यासाठी. अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, औषधाला तोंड द्यायला तयार होतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. मनावर घेतलं फक्त जंतूंनी.