प्रित्झकर आमच्या बिल्डरला द्या

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत विषय एकच होता, गळती. त्यावरून गाडी स्थापत्यातल्या प्रित्झकर पुरस्कारावर कशी घसरली, हे इतिवृत्तात नाही. पण दोष माझा. पेपरात लिहिणाऱ्याला सभेत बोलू दिलं की असं होतं.

मी एवढंच सांगितलं, की २०१६ साली हा पुरस्कार चिलीच्या आलेहांद्रो आरावेना यांना मिळाला आणि त्यांचं गाजलेलं काम म्हणजे अर्धी घरं. इकिके शहरातली वस्ती, ९३ घरं, २००४ साल. सरकारी अनुदान घरटी साडेसात हजार डॉलर, जमिनीचे पैसे त्यातच. एवढ्यात धड घर होईना. तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं, लहानसं खुराडं पूर्ण करून देण्यापेक्षा चांगल्या घराचं अर्धं द्यावं. जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर, मधल्या भिंती, म्हणजे ज्याचं त्याला बांधणं अवघड तेवढं आधी उभं करायचं. शेजारची जागा मोकळी. पैसे जमतील तशी भरा.

‘अर्धं घर?’ पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसीअर काका ताठ बसले. ‘मग आपल्याला काय दिलंय?’

सभेत शांतता पसरली. खरंच की! लिफ्ट दोन कबूल केल्या होत्या. एक आली, दुसरीचा नुसता खड्डा आला. त्यावर फळी टाकून चेअरमनांची सायकल उभी असते. भोगवटा प्रमाणपत्र ‘येत्या आठवड्यात’ आहे, ते गेली नऊ वर्षं. बाल्कन्या आम्ही आत घेतल्या, पत्रे आम्ही टाकले, ग्रिलं आम्ही लावली. म्हणजे लोकसहभागही झाला. फरक असलाच तर भाषेचा: तिकडे अर्ध्या घराला अर्धं घर म्हणतात, इकडे सुपर बिल्टअप.

लगोलग आमच्या बिल्डरचं नाव पाठवायचं ठरलं. काकांना मात्र शंका, आपल्या देशातल्या कामाला हे लोक विचारतात का? मी म्हटलं, २०१८ साली बाळकृष्ण दोशींना दिला की, वयाच्या नव्वदीत. त्यांची इंदूरची अरण्य वसाहत अशीच: गरिबाला जोतं, नळ, संडास बांधून द्यायचा, वर ज्यानं त्यानं चढवावं. आज तिथं ऐंशी हजारांवर माणसं राहतात. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ चा, हे ऐकल्यावर मात्र सभेनं पुढचं काहीच विचारलं नाही.

मला स्वतःला पुरस्काराची जन्मकथा जास्त आवडते. हयात हॉटेलांच्या प्रित्झकर घराण्यानं १९६७ मध्ये अटलांटात एक अपुरी राहिलेली इमारत विकत घेतली. तिचं आतलं प्रचंड उंच दालन पाहून येणारेजाणारे कसे बदलतात, हे बघून त्यांना स्थापत्याची महती कळली आणि १९७९ साली पुरस्कार सुरू झाला. अपुरी इमारत आमचीही आहे. आत शिरताच माणूस बदलतो, हेही खरं. पाहुणे तर वर पाहत, छत्री न मिटता जिना चढतात.

अडचण अर्जाची निघाली. नाव कुणीही परवानाधारक वास्तुविशारद सुचवू शकतो, पण पुरस्कार बिल्डरला नसतो. तो जिवंत वास्तुविशारदाला असतो. आमचा वास्तुविशारद कुणी पाहिलेला नाही. नकाशावर सही आहे. तीही झेरॉक्समध्ये पुसट. तो जिवंत आहे का, यावर मतदान घ्यावं अशी सूचना आली. ती सेक्रेटरींनी फेटाळली.

एक लाख डॉलरचं काय करायचं, यावर मात्र तासभर चर्चा झाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, की दुसरी लिफ्ट? शेवटी उरलं ब्राँझचं पदक. त्याच्या मागच्या बाजूला रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या शिकवणीतले तीन शब्द असतात: भक्कमपणा, सोय आणि आनंद. ‘तिन्ही एकाच इमारतीत?’ तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. त्यांच्या हॉलमध्ये सध्या दोन बादल्या आणि एक पातेलं आहे.

परीक्षक इमारती प्रत्यक्ष जाऊन पाहतात, हे मी सर्वांत शेवटी सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

‘गाडी कुठं लावतील?’ ते म्हणाले. ‘व्हिजिटर पार्किंग तर बिल्डरनं विकलंय.’