जरा बघू तुमचा चष्मा

पाथरीच्या बसस्थानकावर परभणीची गाडी कधी लागणार हे चौघांना विचारा, चार उत्तरं मिळतील. पण तुमच्या नाकावरचा चष्मा चुकलाय हे छातीठोक सांगणारा माणूस एकच. गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. रामराम मागाहून, आधी हात पुढं. "जरा बघू तुमचा चष्मा."

द्यावाच लागतो. ते स्वतःचा काढून तुमच्या हाती ठेवतात, तुमचा आपल्या नाकावर चढवतात, रस्त्यापलीकडची पाटी वाचायला बघतात आणि निकाल देतात, "नंबर जास्त दिलाय." आजवर कुणाचा नंबर बरोबर निघाल्याचं ऐकिवात नाही. उणे तीनचा चष्मा भलत्यानंच घातला तर जग बारीक अन् अंधुक दिसणारच, पण हे गुरुजींना सांगणार कोण? शिवाय तोवर आपण त्यांचा चष्मा बघण्यात गुंतलेले असतो.

बघण्यासारखाच आहे तो. आठवडी बाजारात ढिगातून उचललेला, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पारखून घेतलेला. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, मग डोळे सारखे असोत की नसोत. डाव्या काडीचा स्क्रू कधीतरी पडला, तिथं पांढरा दोरा. नाकावरच्या गाद्या हिरव्यागार. आणि काचांच्या मधोमध, नेमकं जिथून बघायचं तिथं, गोल गोल ओरखडे. ही सगळी कलाकुसर धोतराच्या सोग्याची. तोंडाचा आ करून काचेवर 'हाः' करायचं, सोगा धरायचा आणि अंगठ्यानं गरगर घासायचं. सोग्यावर दिवसभराचा फुफाटा. कोरड्या फडक्यानं धूळ घासणं म्हणजे सुतारानं पॉलिश पेपर मारण्यातलाच प्रकार. चष्मेवाल्यानं एकदा हात जोडून सांगितलं, गुरुजी, आधी नळाखाली धरा, साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ कापडानं टिपा. गुरुजी म्हणाले, "नळाला पाणी कव्हा येतं ते आधी सांग."

त्या चष्मेवाल्याच्या दुकानातलं बाकडं ही गुरुजींची निवृत्तीनंतरची शाळा. तो काउंटरच्या आत, हे बाहेर. गिऱ्हाईक आलं की पहिला तास इतिहासाचा. काच जड, फुटली तर डोळ्याला धोका, म्हणून प्लास्टिकचंच भिंग घे, ज्याला सी. आर. ३९ म्हणतात. एकोणचाळिसावा प्रयोग जमला म्हणून ३९. "चष्म्यात आलं १९४७ला. देश स्वतंत्र झाला त्याच साली. मराठवाडा तेरा महिन्यांनी, अन् पाथरीत हे भिंग त्याच्याही किती तरी मागून." गिऱ्हाइकाला दोन वाजताची एसटी गाठायची असते.

एकदा मोटारसायकलवरून आलेल्या एका पोराच्या हातातला कागद गुरुजींनी ओढून घेतला. उजवा डोळा उणे १.२५, पुढं उणे ०.५०, त्याच्या पुढं १८०.

"एकशेऐंशी!" गुरुजी उठून उभेच राहिले. "अन् गाडी कुणी चालवत आणली तुझी?"

पोरगं पांढरं पडलं. आतून चष्मेवाला म्हणाला, "गुरुजी, तो नंबर नाही, अक्ष आहे. सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचं तो कोन. एकशेऐंशीच्या वर जातच नाही." ज्यानं फळ्यावर हजारदा कोनमापक टेकवला तो माणूस क्षणभर गप्प झाला. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ऐकलंस? सरळ कोन आहे. भ्यायचं काम नाही."

तरी अन्याय नको. गुरुजींचं अर्धं बरोबर असतं. उणे नंबर मोठा असेल तर फ्रेम लहान घ्या, नाही तर काचेची कड चकतीसारखी बाहेर येते, हे ते सांगतात आणि ते खरं आहे. प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला म्हणतात, डोळे फिरवू नको, मान फिरव, अन् जिन्यावर जपून. तेही खरं. शिकलेली माणसं पेपर हाताच्या टोकाला धरून "उजेड कमी आहे" म्हणतात, त्यांना गुरुजी एवढंच विचारतात, "हात पुरायलाय का?" आपल्या भाषेनं त्या चष्म्याचं नावच चाळिशी ठेवलंय, लपवून करता काय? एका जीपवाल्यानं मे महिन्यात चष्मा काचेमागं उन्हात टाकला. आठ दिवसांत कोटिंगला अशी जाळी पडली की उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान बघावं. गुरुजींनी ती काच महिनाभर खिशात ठेवली. दिसेल त्याला दाखवायला.

चष्म्यापलीकडचंही त्यांना चष्म्यातूनच दिसतं. जानेवारी २०२०मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून वाद पेटला. पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डीत बंद पाळला गेला. सगळं गाव टपऱ्यांवर पुरावे मांडत होतं. गुरुजींनी निदान केलं, "शिर्डीकरांचा लांबचा नंबर गेलाय."

गेल्या दिवाळीनंतर मात्र लोकांचे चष्मे जरा जास्तच वेळ त्यांच्या नाकावर राहायला लागले. एकाचा काढला की दुसऱ्याचा. निकालही बदलला. "नंबर जास्त"ऐवजी "नंबर कमी दिलाय" यायला लागलं. चष्मेवाल्याच्या ते आधी लक्षात आलं. त्यानं गुरुजींना बाकड्यावरून उठवून मशीनपुढं हनुवटी टेकवायला लावली. मशीननं आकडाच दिला नाही. मोतीबिंदू. डोळ्यातलंच भिंग गढुळलेलं, त्याला पाथरीतल्या कुणाचा चष्मा पुरणार? हा माणूस इतके दिवस आपली परीक्षा घेत नव्हता, ज्यातून नीट दिसेल असा चष्मा हुडकत होता.

परभणीला नेऊन ऑपरेशन झालं. परत आले ते काळा चष्मा लावून आणि नवा धडा घेऊन. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे घुसले, पण डोळ्यांनी ते सोसले. ते बघून रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९४९ला माणसाच्या डोळ्यात पहिलं भिंग बसवलं. हे आता एसटीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. गुरुजींची तक्रार एकच, "एवढं भारी भिंग, अन् पुसता येत नाही."

परवा भेटले. हात पुढं आलाच. पण या खेपेला माझा चष्मा त्यांनी नाकावर चढवला नाही, नुसता उजेडाकडं धरला.

"नंबर असंल बरोबर. पण काचा किती घाण झाल्यात!"

आणि मी हात पुढं करायच्या आत सोगा धरला. काल जाऊन काचा बदलून आणल्या. सी. आर. ३९, साध्या.